सर्व्हरवर सीपीयू ० आणि १६ हा एकच कोअर कसा?

धुळे_लॅब
राम राम मंडळी. कॉलेजच्या सर्व्हरला दोन सॉकेट (प्रोसेसर चिप बसवायच्या जागा), प्रत्येकी ८ कोअर, हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड, प्रत्येक थ्रेड लिनक्सला वेगळा सीपीयू दिसतो) चालू. लिनक्सला ३२ सीपीयू दिसतात. तापीच्या पुराची गणितं करणारे दोन प्रोग्राम टास्कसेटने (प्रोग्रामला ठरावीक सीपीयूवर बांधणारी कमांड) ० आणि १६ वर बांधले, तर दोन्ही रडतखडत चालतात. दुसरा १ वर हलवला की सुसाट! लॅबच्या माहितीपत्रकात '०-१५ पहिला सॉकेट, १६-३१ दुसरा' असं छापलंय. शिवाय सीपीयूइन्फो या सीपीयूंची माहिती देणाऱ्या फाइलीत प्रत्येक कोअर आयडी चार-चारदा येतो. हे काय गौडबंगाल?

भुसावळकर
माहितीपत्रकातलं ते वाक्य आधी काढा भो. सीपीयू नंबर हा कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) दिलेला नुसता अनुक्रमांक. बायोसच्या एसीपीआय तक्त्यात (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणारी यादी) प्रोसेसर ज्या क्रमाने येतात, त्यावर तो ठरतो. बऱ्याच सर्व्हरवर आधी सगळ्या कोअरचे पहिले थ्रेड मोजतात, मग दुसरे. म्हणून ० चा जोडीदार १६. काही मशीनवर ० आणि १ हीच जोडी असते, काहींवर सम नंबर एका सॉकेटवर अन् विषम दुसऱ्यावर. सिस-डिव्हायसेस-सिस्टीम-सीपीयूखाली सीपीयू०च्या टोपोलॉजी फोल्डरात 'थ्रेड सिब्लिंग्स लिस्ट' ही फाइल उघडा, तुमच्याकडे '०,१६' दिसेल.

कोअर आयडी सॉकेटपुरताच असतो. वॉर्ड ३ एरंडोलातही आहे, पारोळ्यातही. फिजिकल आयडी (सॉकेटचा नंबर) जोडल्याशिवाय कोअर ओळखू येत नाही. दोन सॉकेट गुणिले दोन थ्रेड, म्हणून चारदा.

धुळे_लॅब
पण एलएससीपीयू -ई या सीपीयूंचा तक्ता दाखवणाऱ्या कमांडमध्ये कोअर ० ते १५ सरळ येतात, दादा.

भुसावळकर
ती त्याची स्वतःची मोजणी. सोबत -वाय दिलं की हार्डवेअरचे आयडी दिसतात. त्यात मधले नंबर गायब असले तरी घाबरू नका, कोअर आयडी सलग असतीलच असं नाही.

यावल_लिनक्स
माहितीपत्रकात टास्कसेटचंही लिहा, पोरं तिथे हमखास फसतात. 'टास्कसेट -सी १६' म्हणजे सीपीयू १६. -सी विसरलं तर १६ हा हेक्स मास्क (१६-आधारी आकडा, त्याच्या बायनरीतला प्रत्येक १ एक सीपीयू निवडतो, मोजणी उजवीकडून ० पासून) धरला जातो, बायनरीत १०११०, आणि प्रोग्राम १, २, ४ वर जातो. एररही येत नाही.

आणि स्क्रिप्टमध्ये ० पासून एनप्रॉक (वापरता येणाऱ्या सीपीयूंची संख्या सांगणारी कमांड) वजा १ पर्यंत लूप नको. ० आणि १ जोडी असलेल्या १६ थ्रेडच्या मशीनवर एसएमटी (हायपरथ्रेडिंगचंच सर्वसाधारण नाव) बंद केलं की एनप्रॉक ८ सांगतो, पण चालू असतात ०, २, ४... १४. त्यापेक्षा त्याच सीपीयू फोल्डरातली 'ऑनलाइन' फाइल वाचा.