राजकारणाची माहिती फोनवरून घ्यावी का?

पारावरची:
आमचे आबा ७८ वर्षांचे. २०२४ च्या विधानसभेला मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एक क्लिप दाखवली. आमच्याकडचा एक उमेदवार म्हणतोय, ‘पाणी आधी कारखान्याला, उरलं तर शेतीला.’ आबा खवळले होते. मी सगळं भाषण शोधून ऐकलं. त्या वाक्याच्या आधी ‘आमच्या नावावर काय खपवतात बघा’ असं होतं, नेमकं तेवढंच कापलेलं. आबांना ऐकवलं तर म्हणाले, ‘अगं, पण मी माझ्या कानांनी ऐकलं ना!’ माझ्या पोटात गोळाच आला. छापलेल्यावर माणूस शंका तरी घेतो, ओळखीचा आवाज कानावर पडला की तेही नाही.
मतदान संपण्याआधीचे ४८ तास सभा-मिरवणुकांना कायद्यानं बंदी असते. गावातले भोंगे गप्प होतात, ग्रुप रात्रभर चालूच. ज्याच्यावर आरोप झाला त्यानं उत्तर द्यायचं कधी? फोनवर कळलेल्या गोष्टीवरून मत ठरवूच नये, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

सेविका_ताई:
ताई, मला हे पटत नाही. मी अंगणवाडीत काम करते. लाडकी बहीणचा शासन निर्णय २८ जून २०२४ ला निघाला आणि दुसऱ्याच दिवसापासून बाया उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत. लेकरं कडेवर, मजुरी बुडालेली. ३ जुलैला निर्णय बदलला: पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, पाच एकर जमिनीची अट गेली, वय ६५ पर्यंत. हे मला आमच्या ग्रुपवर कळलं, शासन निर्णयाच्या पीडीएफसकट. तो कागद मी रांगेत जाऊन दाखवला, तेव्हाही एक जण दाखल्याचे पैसे घेतच होता. फोन नसता तर त्या बाया आणखी आठवडाभर लुटल्या गेल्या असत्या. गरिबाला सरकारची खबर नेहमी शेवटी मिळायची. ती पहिल्यांदा वेळेत मिळाली.

पांझराकाठ:
मी साक्री तालुक्यातला. १ जुलै २०१८, राईनपाड्याचा आठवडी बाजार. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप त्याआधी कितीतरी दिवस फिरत होते. भिक्षा मागत आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. ह्यात राजकारण कुठं, असं कुणी म्हणेल. पण अफवा ज्या वाटेनं आली, त्याच वाटेनं आज जातीजातींत लावून देणारे निरोप येतात. आमच्याकडे अजून कुणी फोन वर करून ‘हे बघ’ म्हणालं की मला धडकी भरते.

जुना_वार्ताहर:
वर्तमानपत्रं तरी कुठं धुतल्या तांदळासारखी होती? २००९ ची विधानसभा निवडणूक मी वार्ताहर म्हणून पाहिली. एकाच उमेदवाराची स्तुती, शब्दन् शब्द सारखी, वेगवेगळ्या पेपरांत वेगवेगळ्या नावांनी. पैसे देऊन बातमी. पुढं वर्तमानपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलनं दोघांची उपसमिती नेमली, पण तिचा सविस्तर अहवाल दाबून ठेवला. माहिती अधिकारामुळं तो २०११ मध्ये लोकांसमोर आला. तेव्हा वाचकाला उलट विचारायची सोयच नव्हती. आज खोट्या क्लिपखाली निदान कुणीतरी सगळं भाषण आणून टाकतो. ताई, तुम्हालाही ते फोनवरच सापडलं ना?

पारावरची:
हो दादा, फोनवरच सापडलं. पण मी शोधलं म्हणून. आबांकडं ते आपणहून कधीच आलं नसतं. क्लिप मात्र तीन ग्रुपांतून आली.
सेविकाताई, तुमच्या ग्रुपवर निर्णयाचा कागदच आला होता, म्हणून तुम्ही तो रांगेत दाखवू शकलात. माझं भांडण नुसत्या ‘म्हणे’शी आहे. उमेदवाराचं शपथपत्रही असंच कुणालाही बघता येतं: गुन्हे, जमीन, कर्ज, शिक्षण, सगळं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळं ते मिळालं. आमच्या आख्ख्या गावात ते कुणी उघडलं असेल तर शपथ!

सेविका_ताई:
उघडणार कसं? मी प्रयत्न केला होता. तिरकं स्कॅन केलेलं, हातानं लिहिलेलं, पानामागून पानं. लहान स्क्रीनवर सर्व्हे नंबरसुद्धा वाचता येत नाही. कुणी ते मोठ्यानं वाचून दोन मिनिटांचा व्हिडिओ टाकला तर माझ्या गल्लीतल्या बाया नक्की बघतील. तुम्ही वाचाल का? मी पाठवते सगळ्यांना. मूळ कागदही सोबत जोडते.