घुबड विझर्डची मिनी: सगळं तपकिरीच दिसणार असं वाटतंय, आणि बेसवर काय करू?

ओला_ब्रश
नमस्कार मंडळी. आमचं डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, एकेक पात्र घेऊन खेळायचा खेळ) चालू आहे रविवारचं, त्यात माझा आउलिन विझर्ड आहे, म्हणजे घुबड-माणूस जादूगार. मित्राने त्याची मिनी, म्हणजे छोटी मूर्ती, रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून दिलीये, ३२ मिमी स्केल, २५ मिमीचा गोल बेस. लांब झगा, हातात काठी, काठीच्या टोकाला स्फटिक. आता पिसं तपकिरी, काठी तपकिरी, झगा पण मला मातकटच हवा होता, पण फोटोवर मोबाईलमध्ये रंग टाकून बघितले तर लांबून सरळ बटाटा दिसतोय 😅 काय बदलू? बेसची आयडिया पण द्या, आणि बाहेर पाऊस धो धो चालू आहे तर स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारू का थांबू?

निळी_शाई
आधी घुबड कुठलं ते ठरव ना रे! गव्हाणी घुबड घे आपलं. चेहरा पांढरा, बदामाच्या आकाराचा, पाठ सोनेरी त्यावर राखाडी झाक, पोट पांढरट. मुख्य म्हणजे डोळे काळेभोर, त्यामुळे पिवळं बुबुळ आणि त्यात दोन्हीकडे सारखी बाहुली काढायची कटकटच नाही. काळं भर, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला वर पांढरा बारीक ठिपका दे, झालं. सगळ्यावर मॅट वार्निश झाल्यावर डोळ्यांवर तेवढंच ग्लॉस लाव, जिवंत वाटतं एकदम.

पाठीला ऑकर (मातकट पिवळा), त्यावर तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), तो पूर्ण वाळू दे (पावसात वेळ लागतो, घाई नको), मग ऑकरमध्ये पांढरा मिसळून ड्रायब्रश. ब्रश टिश्यूवर इतका पुसायचा की नखावर फिरवला तर जेमतेम रंग उमटला पाहिजे, आणि पिसांच्या टोकाकडून मुळाकडे ओढायचा म्हणजे फक्त कडा पकडतात. नंतर पाठीवर बारीक काळे ठिपके आणि प्रत्येकाला चिकटून एक पांढरा. चेहऱ्याच्या कडेने तपकिरी रेघ विसरू नको, तिच्यामुळेच चेहरा वेगळा उठतो.

झगा मातकट अजिबात नको. सोनेरीसमोर गडद निळा किंवा वांगी, दुसरा विचारच करू नको.

फेविकॉल_फौज
ताईंना +१. प्रायमरचं सांगतो, भर पावसात स्प्रे नको भाऊ, हवेतल्या दमटपणाने वरचा थर खरखरीत होतो, आणि मॅट वार्निशचा स्प्रे असेल तर पांढरट धुकं बसतं ते तर अजून वाईट. ब्रशने लावायचा प्रायमर घे, दोन पातळ हात. त्याआधी रेझिन नीट धुतलंय आणि क्युअर (यूव्ही उजेडात पूर्ण कडक) झालंय ना बघ, हाताला चिकट लागत असेल तर वर काहीच टिकणार नाही. घासणार असशील तर मास्क लाव, ती धूळ नाकात जाऊ देऊ नको.

बेस आणि मिनी वेगळे रंगव. पायात १ मिमीचं भोक पाड, पेपरक्लिपची तार घाल आणि ती एका जुन्या बुचात खोच, धरायला सोपं. फेविक्विकने चिकटवलंस तर लगेच डब्यात बंद नको करू, वाफेने आजूबाजूला पांढरी बुरशी आल्यासारखं होतं.

आता बेस. गव्हाणी घुबडं पडक्या वाड्यात, जुन्या देवळात राहतात, तर फुटकी फरशी कर. एम-सील पसरव, ओलं असतानाच चुरगळलेली ॲल्युमिनियम फॉइल दाब, दगडाचा पोत मस्त येतो, सांधे टूथपिकने पाड. कडेला चाळलेली रेती आणि पाणी घातलेलं फेविकॉल. किनाऱ्यावरची वाळू असेल तर आधी गोड्या पाण्यात धू, मीठ असतं. आणि माझी आवडती गोष्ट: घुबड उंदराची हाडं-केस गोळा करून ओकून टाकतं, तसले दोन राखाडी गोळे पायाशी ठेव, एम-सीलचेच, जुन्या ब्रशचे केस खोचून. टेबलावर सगळे विचारणार हे काय आहे म्हणून.

अर्धा_डाइस
ओकलेले गोळे 🤣🤣 हे मी चोरणार.
एवढंच म्हणेन की स्फटिकाचा उजेड रंगाने चेहऱ्यावर पाडायच्या भानगडीत लगेच पडू नका. उजेड जिथून येतो ती जागा मिनीवर सगळ्यात उजळ पाहिजे, आणि इथे चेहराच पांढरा, तो स्फटिकाला खाऊन टाकणार. फार तर काठी धरलेल्या हातावर आणि बाहीच्या आतल्या कडेवर फिकट हिरवा, संपला विषय.

निळी_शाई
@अर्धा_डाइस हो पण झगा गडद असेल तर बाहीवर तो हिरवा भारी दिसेल हां. स्फटिकाच्या गाभ्यात जवळजवळ पांढरा ठेवायचा, बाहेर हिरवा.

ओला_ब्रश
भारी! गव्हाणी फायनल, झगा वांगी. फरशीबरोबर मागे पडक्या भिंतीचा तुकडा उभा केला तर चालेल का?

फेविकॉल_फौज
उभा कर, पण २५ मिमीच्या बाहेर काही जाऊ देऊ नको. खेळाच्या नकाशावर ग्रिडचा चौकोन इंचाचा असतो, शेजारी गोब्लिन आला की भिंत त्याच्या भाल्यात अडकणार. आणि बेसची कड साधी काळी ठेव.