मदत हवी आहे : कार्डं रोज पूर्ण होतात, पण जर्मन बोलता येत नाही

नमस्कार मंडळी,

सात महिन्यांपासून एकटीच जर्मन शिकते आहे. क्लास लावणं जमण्यासारखं नाही, त्यामुळे सगळी भिस्त मोबाईलवर. सकाळी अंकी या उजळणीच्या ॲपमधली शब्दांची कार्डं, मग दुसऱ्या एका ॲपमधला धडा, रात्री पॉडकास्ट. एकही दिवस खाडा नाही. अंकी सुरू करून चार महिने झाले. रोज 20 नवी कार्डं हे त्यातलं मूळचं सेटिंग मी कधी बदललंच नाही, म्हणून आता रोजची उजळणी पावणेदोनशेच्या घरात गेली आहे. तासभर त्यातच जातो.

मागच्या आठवड्यात पहिल्यांदा एकीशी व्हिडिओ कॉलवर बोलले. 'मला उशीर झाला, कारण माझी गाडी चुकली' एवढं वाक्य जुळेना. 'वाइल' (कारण) आलं की क्रियापद शेवटी जातं, हे मला पक्कं ठाऊक आहे. आपल्या मराठीतही ते शेवटीच असतं, म्हणजे हे आपल्याला सोपं जायला हवं! लिंगांचंही तसंच. जर्मनमध्ये चमचा 'डेर' (पुल्लिंगी), काटा 'डी' (स्त्रीलिंगी), सुरी 'डास' (नपुंसकलिंगी). कार्डावर क्षणात ओळखते, पण बोलताना मराठीतली 'ती सुरी' आड येते आणि 'डी मेसर' निघून जातं.

त्या रात्री या महिन्यात मला काय यायला हवं, हे वहीत लिहायला बसले आणि एक ओळही सुचली नाही. आज काय शिकायचं, हे सात महिने ॲपच ठरवत आलं आहे. मला सगळ्यात जास्त हेच लागलं.

स्वतःच्या हिमतीवर भाषा शिकलेल्यांनी सांगावं : आठवड्याचं उद्दिष्ट कसं ठरवता? ॲपमधले आकडे सोडून प्रगती कशावरून मोजता? आणि हा कार्डांचा ढीग ठेवू की काढून टाकू?

प्रतिसाद १

ढीग काढू नका. नवी कार्डं काही आठवडे शून्यावर आणा, उजळणी आपोआप उतरेल. एफएसआरएस (कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हे ठरवणारी अंकीतली पद्धत) चालू असेल तर अपेक्षित स्मरण, म्हणजे उजळणीत किती कार्डं आठवावीत तो आकडा, 90 टक्क्यांवरून 85 वर आणून बघा. आठ वेळा विसरलेल्या कार्डावर अंकी स्वतःच 'लीच' अशी खूण करतं आणि सेटिंग तसं असेल तर ते थांबवतं. ते पुन्हा चालू करण्याआधी त्या शब्दाचं स्वतःचं वाक्य बनवा.

उद्दिष्टाबद्दल : शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी स्वयंनियमित (स्वतःच आखून, स्वतःच तपासत) शिकण्याचे तीन टप्पे मांडले आहेत. आधी ठरवणं, मग करणं, नंतर तपासणं. तुमचं मधलंच तेवढं चालू आहे. उद्दिष्ट शब्दसंख्येत न लिहिता कामात लिहा : 'उशीर का झाला, हे न अडखळता सांगणं'. रविवारी त्यावर दोन मिनिटं बोलून मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि लगेच ऐका. जिथे अडलात, तेवढ्याचीच नवी कार्डं. महिन्याने तोच विषय पुन्हा रेकॉर्ड करून पहिल्याशी ताडून पाहा.

धागाकर्ती

मनापासून आभार. नवी कार्डं आत्ताच शून्य केली आणि एक रेकॉर्डिंगही केलं. दोन मिनिटांत 11 ठिकाणी अडले, त्यातल्या सात जागी शब्द येत होता, वाक्याची रचना येत नव्हती. रचनेचं कार्ड कसं बनवायचं? पूर्ण वाक्य द्यायचं, की क्रियापदाची जागा रिकामी ठेवायची?