‘बालगंधर्व’ चित्रपटाचा अल्बम चित्रपट बाजूला ठेवून कसा ऐकावा?

पाचपाखाडीकर

नमस्कार. ठाण्यातील आमच्या सोसायटीत काही ज्येष्ठ आणि काही तरुण मंडळी महिन्यातून एकदा एकत्र बसून गाणी ऐकतात. पुढील बैठकीसाठी २०११ साली प्रदर्शित झालेल्या ‘बालगंधर्व’ या चित्रपटाचा अल्बम निवडला आहे. संगीत कौशल इनामदार यांचे असून पडद्यावर सुबोध भावे यांच्या तोंडी जो आवाज येतो तो आनंद भाटे यांचा आहे, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेलच. अडचण अशी की, बैठक ठरताच आमच्यात दोन तट पडले. बालगंधर्वांच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध असताना आपण प्रतिकृती का ऐकावी, असे ज्येष्ठांचे म्हणणे आहे. तर पडद्यावरचा प्रसंग डोळ्यांसमोर नसेल तर जुन्या संगीत नाटकांतील ही पदे आपल्याला कळतच नाहीत, असे तरुण प्रांजळपणे सांगतात. एखाद्या गायक-नटावरील जीवनपटाचा अल्बम केवळ कानांनी ऐकायचा झाल्यास त्याचे मोल कोणत्या कसोटीवर करावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

ऑर्गनप्रेमी, वाशी

आपल्या ज्येष्ठांचा आक्षेप आदराने ऐकावा असाच आहे, परंतु त्यामागे ध्वनिमुद्रिका म्हणजेच मूळ गाणे, असे एक गृहीतक दडलेले आहे आणि ते मला मान्य नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे, तर रंगभूमीवर तेच पद प्रेक्षकांच्या ‘वन्समोअर’मुळे पुन्हा पुन्हा गायले जाई आणि प्रत्येक वेळी त्यात नवी जागा निघे. शिवाय विद्युत ध्वनिमुद्रण आपल्याकडे १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. त्यापूर्वी कर्ण्यासमोर उभे राहून गायलेल्या मुद्रिकांत आवाजाचे खर्ज आणि टोक दोन्ही कापले जात, आणि तबकडी वाजवताना वेग जरासा चुकला तरी स्वर चढतो वा उतरतो. म्हणजे ज्याला आपण अस्सल म्हणतो तेही प्रत्यक्ष गाण्याचे एक संक्षिप्त रूपच आहे. चित्रपटही पदाला असाच कापतो, फक्त त्याची कात्री वेगळी असते.

म्हणून माझी कसोटी अशी की, गायकाने संक्षेपातही पदाची बढत, म्हणजे टप्प्याटप्प्याने होणारा विस्तार, सुचवली आहे की नाही, हे पाहावे. आनंद भाटे येथे उत्तीर्ण होतात, कारण ते बालगंधर्वांच्या आवाजाची नक्कल करीत नाहीत, तर त्यांच्या लयीच्या शिस्तीचे पालन करतात. शब्द न मोडता स्वर लांबवायचा, तान घेतली तरी अक्षर हरवू द्यायचे नाही आणि लय सैल वाटत असतानाही समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अचूक यायचे, ही गंधर्व गायकीची खरी ओळख आहे. भाटे यांना लहानपणापासून ‘आनंद गंधर्व’ म्हटले जाई आणि पुढे त्यांना पंडित भीमसेन जोशी यांची तालीम मिळाली. हे दोन्ही संस्कार त्यांच्या आवाजात एकमेकांना झाकत नाहीत, हे मला विशेष वाटते. ५९ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा मान मिळाला, तो याच चित्रपटासाठी.

साथीकडेही लक्ष द्यावे. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीची साथ म्हणजे पायाने भाता चालवायचा ऑर्गन, सारंगी आणि तबला. त्या तबल्यावर काही काळ स्वतः थोर तबलावादक अहमदजान थिरकवा होते. ऑर्गनचा भरीव, सलग स्वर गायकाला श्वास घेण्यापुरती जागा देतो, आणि ही जागा आधुनिक वाद्यमेळात सहसा भरून टाकली जाते. अल्बम ऐकताना ती कोठे शिल्लक राहिली आहे आणि कोठे नाही, एवढे जरी मंडळींनी टिपले, तरी बैठक सार्थकी लागेल.

ऐरोलीची रसिका

ऑर्गनप्रेमी यांचे विवेचन मोलाचे आहे, परंतु ते जुन्या पदांपुरतेच लागू पडते. या अल्बममध्ये आनंद भाटे यांनी गायलेले ‘चिन्मया सकल हृदया’ आणि शंकर महादेवन यांचे ‘परवरदिगार’ ही नवी गाणीही आहेत, आणि मला वाटते की जीवनपटाच्या संगीतकाराचे खरे काम तेथेच दिसते. कारण असे की, नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, आयुष्यभर रंगमंचावर भामिनी, रुक्मिणी, सिंधू म्हणून गायले. पदातील ‘मी’ त्या नायिकेचा असतो, त्यांचा स्वतःचा नसतो. ‘मानापमान’च्या १९११ मधील पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मुलीच्या निधनाचे दुःख गिळून ते रंगमंचावर उभे राहिले, आणि त्या रात्रीही त्यांच्या तोंडी शब्द होते ते भामिनीचेच. अशा माणसाचे चरित्र सांगताना त्याच्या मनातले बोलणारे गाणे कोठून आणायचे? ते नव्याने रचण्यावाचून गत्यंतर नव्हते.

‘चिन्मया’ त्या दृष्टीने मला फार सरस वाटते, कारण त्याची चाल नाट्यपदाच्या घराण्यातली वाटूनही कोणत्याही जुन्या पदाची उचल वाटत नाही. ‘परवरदिगार’ गायनाच्या दृष्टीने दमदार आहे, तथापि सलग ऐकताना ते शेजारच्या पदांपासून तुटल्यासारखे भासते. तेथे मात्र मला प्रसंगाची उणीव जाणवली, म्हणजे आपल्या तरुण मंडळींचे म्हणणे अगदीच निराधार नाही.

तलावपाळी

थोडे वेगळे सुचवतो. २०२२ मध्ये आलेल्या ‘मी वसंतराव’ची एक-दोन गाणी शेजारी ठेवून पाहावीत. तेथे राहुल देशपांडे यांनी आपल्या आजोबांची, म्हणजे गायक वसंतराव देशपांडे यांची, भूमिका केली आणि गायलेही स्वतःच. त्यामुळे पडद्यावरचा चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा, असा सांधा तेथे उरत नाही. हा सांधा ‘बालगंधर्व’मध्ये असणे मला खटकत नाही, उलट केवळ ऐकताना तो फायद्याचाच ठरतो, कारण भाटे यांचा आवाज कोणत्याही चेहऱ्याला बांधलेला राहत नाही.

पाचपाखाडीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ऐरोलीच्या ताईंनी मांडलेला ‘मी’चा मुद्दा आम्ही चर्चेला अवश्य घेऊ. गाण्यांचा क्रम अल्बमप्रमाणेच ठेवावा की बदलावा?

ऑर्गनप्रेमी, वाशी

जुनी पदे मूळ नाटकांच्या कालक्रमाने लावावीत, असे मी सुचवीन. ‘सौभद्र’ अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळातले, म्हणून ते आधी. ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी ठुमरी-गझलेच्या वळणाच्या चाली दिल्या, तर १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशी पदांत उतरवल्या. त्यानंतर १९१९ चे ‘एकच प्याला’ येते. आपल्या ठाण्याचे रंगायतन ज्यांच्या नावाने उभे आहे ते राम गणेश गडकरी या नाटकाचा प्रयोग होण्यापूर्वीच निवर्तले होते, आणि त्यातील पदेही त्यांची नसून विठ्ठल सीताराम गुर्जर यांची आहेत. हे गडकरीप्रेमींनाही पुष्कळदा ठाऊक नसते. शेवटी १९३१ चे ‘कान्होपात्रा’. त्यातील मास्टर कृष्णरावांच्या चालीचे ‘जोहार मायबाप जोहार’ बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकेतून अवश्य ऐकवावे. जे पद दोन्ही आवाजांत मिळेल, तेथे भाटे यांचे गायन आधी आणि ध्वनिमुद्रिका नंतर लावावी. उलट क्रमाने लावल्यास ज्येष्ठ मंडळी तुलनेतच अडकतील आणि तरुणांचे कान तबकडीच्या खरखरीवरच थांबतील.

ऐरोलीची रसिका

क्रम योग्य वाटतो. नवी गाणी मात्र या रांगेत मध्येच घालू नयेत. ‘चिन्मया’ सर्वांत आधी ऐकवावे आणि ‘परवरदिगार’ची वेळ आली की त्या प्रसंगाची दोन वाक्यांत माहिती द्यावी, म्हणजे चित्रपट न पाहिलेल्यांचीही गैरसोय होणार नाही.