मदत हवी आहे: समुद्री टाकीसाठी घरी केलेलं खाद्य पाण्यात विरतंय आणि ब्लेनी उपाशी आहे

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत, विश्रामबागेत राहते. घरात तीन वर्षांपासून खाऱ्या पाण्याची ३०० लिटरची टाकी आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकं घालून पहिल्यांदा जिवंत प्रवाळ पाहिलं आणि तेव्हापासून हे वेड लागलं. टाकीत दोन क्लाउनफिश, तीन हिरवे क्रोमिस, एक कोले टँग आणि एक लॉनमोअर ब्लेनी (तळाशी शेवाळ खरवडून खाणारा मासा) आहे. प्रवाळांपैकी फक्त मऊ जातीची ठेवलीत: झोअँथिडचे दोन गुच्छ, पाच-सहा मशरूम आणि एक लेदर. कठीण सांगाड्याची प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत येतात. ती माझ्याकडे नाहीत आणि आणणारही नाही, त्यामुळे सल्ला मऊ प्रवाळांपुरताच द्यावा.

आजवर फ्रोझन मायसिसच्या (कोळंबीसारख्या बारीक समुद्री जीवांच्या) वड्या पुण्याहून मागवत होते. उन्हाळ्यात थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून पाठवल्या तरी इथे पोचेपर्यंत निम्म्या पाझरलेल्या असतात. एकदा विरघळलेलं पुन्हा गोठवून माशांना घालायला मन होत नाही. म्हणून ठरवलं की खाद्य घरीच करायचं. सासूबाई स्वतः मासे खात नाहीत, पण त्यांनीच जुना मिक्सर माळ्यावरून काढून दिला आणि फ्रीजरचा खालचा कप्पा माझ्यासाठी रिकामा केला. त्यामुळे हे नीट जमावं अशी फार इच्छा आहे.

पहिल्या खेपेला असं केलं: साल काढलेली पाकीटबंद कोळंबी अर्धा किलो, दोन मध्यम बांगडे, पाव किलो माकूल (स्क्विड), सहा लसूण पाकळ्या, एक गाजर आणि मूठभर पालक. सगळं मिक्सरमधून चटणीसारखं बारीक काढलं, बर्फाच्या ट्रेमध्ये भरलं आणि रोज एक वडी तशीच टाकीत सोडली.

मासे अक्षरशः तुटून पडले. पण वडी पाण्यात पडली की मिनिटभरात पांढरा ढग उठायचा. तिसऱ्या दिवशी स्किमरचा (पाण्यातली घाण फेसातून बाहेर काढणाऱ्या यंत्राचा) फेस पार बसला. दहाव्या दिवशी तपासलं तर नायट्रेट १० वरून ४० पीपीएमवर आणि फॉस्फेट ०.०५ वरून ०.२५ वर गेलेलं. वाळूवर लालसर-जांभळी साय धरली आहे. झोअँथिड चार दिवस उघडलेच नाहीत. आता हे खाद्य बंद केलंय, २० टक्के पाणी बदललंय.

सगळ्यात जास्त काळजी ब्लेनीची आहे. काचेवरचं, दगडांवरचं शेवाळ त्याने केव्हाच संपवलं. पाण्यात तरंगणारा घास तो धरतच नाही. क्लिपला नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागद) लावली तर टँग एकटा फस्त करतो. ब्लेनीचं पोट दोन्ही बाजूंनी आत गेलंय. रोज सकाळी त्याच्या त्या रिकाम्या दगडावर तोंड घासत बसलेला दिसतो, ते बघवत नाही.

तर मला हे विचारायचं आहे. नेमकं चुकलं कुठे: जिन्नस, प्रमाण की करण्याची पद्धत? तळाशी खरवडून खाणाऱ्या माशापर्यंत घरचं खाद्य कसं पोचवायचं? मशरूम आणि झोअँथिडना याच खाद्यातलं काही देता येईल का, की त्यांचं वेगळं करावं लागेल? आणि लसणीने माशांच्या अंगावर पांढरे ठिपके (परजीवीचा रोग) येत नाहीत असं ऐकलं होतं, ते खरं का?

मिरजेला आणि सांगलीच्या बाजारात रत्नागिरीकडचा मासा बर्फातून येतो, पण त्यातलं काय घ्यावं हे मला कळत नाही. घरात मासळीची सवय नसल्यामुळे नावंही हळूहळू शिकते आहे.

किनारपट्टी (रत्नागिरी)

ताई, टाकीतलं मला फारसं कळत नाही, माझ्याकडे गोड्या पाण्याचे मासे आहेत. पण मासळीबद्दल सांगू शकतो.

पाकीटबंद सोललेली कोळंबी आधी बंद करा. कोळंबीतलं पाणी निघून वजन घटू नये म्हणून अशा मालाला बऱ्याचदा फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात. पाकिटावर ट्रायपॉलिफॉस्फेट लिहिलंय का बघा. तुमच्या वाढलेल्या फॉस्फेटमध्ये त्याचाही वाटा असू शकतो. बाजारातून डोक्यासकट, कवचासकट असलेली कोळंबी घ्या. डोकं अंगाला घट्ट असलं पाहिजे, लोंबत असेल किंवा काळं पडलं असेल तर नको.

बांगडा तेलकट मासा. आम्हाला तो त्या तेलासाठीच आवडतो, पण तुमच्या पाण्यावर तवंग धरणारच. तारलीचंही तेच. पांढऱ्या मांसाचा हवा असेल तर ढोमा घ्या, स्वस्तही पडतो.

आणि माझं ऐकाल तर ताजा जवळा शोधा. ती बोटाच्या पेराएवढी कोळंबीच असते, कापायची गरज नाही, कवच, डोकं, पोटातलं सगळं माशाला मिळतं. सुका जवळा मात्र नको. तो किनाऱ्यावर पसरून वाळवतात, त्यात मीठ आणि वाळू दोन्ही असतात. सोबत तिसऱ्या (शिंपल्या) घ्या, उकडू नका, सुरीने उघडा. माशाची गाबोळी (अंडी) मिळाली तर तीही घ्या, ती प्रवाळांना चालते का हे जाणकार सांगतील.

एक लक्षात ठेवा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मग श्रावण लागतो आणि तुमच्याकडे घाटावर मागणी कमी होते. साठवणीचं बघायचं तर मे संपायच्या आत.

अजिंक्यतारा (सातारा)

मत्स्यशास्त्र शिकलो आहे आणि आठ वर्षांपासून समुद्री टाकी सांभाळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची मूळ चूक मिक्सर आहे. मासळी चटणीसारखी वाटली की पेशी फुटून सगळा रस बाहेर येतो. तो रस मासा खाऊ शकत नाही, प्रवाळही धरू शकत नाही, तो सरळ नायट्रेट आणि फॉस्फेट होतो. वडी तशीच सोडल्याने तिच्यातलं सगळं पाणी टाकीत गेलं. स्किमर बसला तो बांगड्याच्या तेलाने, तेलाने फेस धरत नाही. तेव्हा मासळी अर्धवट गोठवा आणि धारदार सुरीने चिरा. अर्धी गोठलेली मासळी स्वच्छ कापली जाते, लगदा होत नाही. क्लाउन आणि क्रोमिससाठी तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे पुरे.

मग धुवा. चिरलेलं सगळं चहाच्या गाळणीत घ्या आणि खाली मलमलचं फडकं धरा. वरून आरओचं पाणी घाला, खाली येणारं पाणी नितळ होईपर्यंत. गाळणीत राहिलं ते माशांचं. फडक्यावर जो बारीक कण राहतो तो प्रवाळांचा, तो वेगळ्या डबीत गोठवा. फडक्यातून गेलेलं पाणी मोरीत. ही एक पायरी पाळलीत तर निम्मा त्रास कमी होईल.

गाजर-पालक काढून टाका. त्याऐवजी साधी नोरी, तेल-मीठ-मसाला न लावलेली, चुरून घाला आणि थोडी स्पिरुलिना पूड. मासळी मात्र समुद्राचीच हवी. कृष्णेतला मासा किंवा चिकन-मटण चालणार नाही. समुद्री माशांना ईपीए आणि डीएचए ही मेदाम्लं खाण्यातूनच मिळावी लागतात, त्यांच्या शरीरात ती पुरेशी तयार होत नाहीत. जमिनीवरच्या प्राण्यांची चरबी त्यांना नीट पचत नाही.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तिसऱ्या, तारली आणि काही कोळंब्या यांत कच्च्या अवस्थेत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते जीवनसत्त्व ब१ नष्ट करतं. गोठवल्याने ते मरत नाही. महिनोन्महिने फक्त अशाच कच्च्या खाद्यावर ठेवलेले मासे हळूहळू खंगतात. म्हणून एकाच जिनसावर अवलंबून राहू नका, माकूल आणि ढोमा यांचं प्रमाण जास्त ठेवा, आणि माशांसाठी मिळणारं जीवनसत्त्वाचं द्रावण खाऊ घालण्याच्या आधी दहा मिनिटं तुकड्यांवर टाका. गोठवताना घालून ठेवण्यापेक्षा हे बरं.

आता ब्लेनी. त्याला दगडावरून खरवडायची सवय आहे, तर खाद्य दगडावरच द्या. चायना ग्रास, म्हणजे अगर, किराणा दुकानात मिळतं. ते समुद्री शेवाळापासूनच बनतं. ४ ग्रॅम पूड १५० मिली आरओच्या पाण्यात घालून दोन मिनिटं खळखळून उकळा. बोट सहज ठेवता येईल इतकं निवू द्या. त्यात २५० ग्रॅम धुतलेलं मिश्रण घाला, पण ते थंडगार नको, नाहीतर अगर हात लावायच्या आत थिजतं. माशांसाठीचा भाग ताटात पातळ ओता. ब्लेनीसाठीच्या भागात मासळी अगदी कमी, नोरी आणि स्पिरुलिना भरपूर. हे दाट मिश्रण टाकीत चालणाऱ्या एखाद्या खडबडीत, कोरड्या दगडावर चमच्याने लिंपा आणि थिजू द्या. अगर एकदा थिजलं की ८५ अंशांपर्यंत विरघळत नाही, टाकीच्या २६ अंशांत ते तसंच राहतं. जिलेटिन वापरू नका, ते उन्हाळ्यात सैल पडतं.

दगड त्याच्या नेहमीच्या जागेजवळ ठेवा. टँगला आधी दुसऱ्या टोकाला नोरी द्या, म्हणजे तो तिकडे गुंतेल. ब्लेनी पहिल्या दिवशी बघणारही नाही. चार-सहा तासांनी दगड काढून घ्या, दुसऱ्या दिवशी नवा द्या.

प्रवाळांचं थोडक्यात: लेदरला काही देऊ नका, त्याचं प्रकाशावर आणि पाण्यातल्या सूक्ष्म कणांवर भागतं. मशरूम गाबोळीचे दाणे छान धरतात, हळूहळू पिशवीसारखे मिटतात. झोअँथिडना फडक्यावरचा बारीक कण, दिवे सुरू असताना, तोंडं उघडी असतील तेव्हा. पंप १५ मिनिटं बंद, ड्रॉपरने थेंब-थेंब, आठवड्यातून दोनदा, जास्त नाही.

लसणीच्या वासाने काही मासे खायला लागतात, इतकंच. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी तिने जात नाही. तो टाकीत येऊ नये म्हणून नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवावा.

सध्या फॉस्फेट एकदम खाली आणायच्या मागे लागू नका, प्रवाळांना तो झटका जास्त लागेल. दर आठवड्याला २० टक्के पाणी बदला आणि त्याच वेळी साय नळीने ओढून काढा.

धागाकर्ती (सांगली)

दोघांचेही मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पाकीट शोधून पाहिलं. बारीक अक्षरांत ट्रायपॉलिफॉस्फेट लिहिलेलं होतं. मला तो शब्दच माहीत नव्हता.

दीर रत्नागिरीला गेले होते, त्यांनी बर्फाच्या पेटीतून दीड किलो ताजा जवळा, तिसऱ्या, दोन माकूल आणि थोडी गाबोळी आणली. आंबा घाट उतरून-चढून येईपर्यंत बर्फ टिकला होता, रात्री अकराला पेटी उघडली तेव्हा हात बधिर झाले. त्याच रात्री बसून सगळं धुतलं. पहिल्या गाळण्याचं पाणी दुधासारखं होतं. हे सगळं मी आधी टाकीत ओतत होते हे बघून वाईट वाटलं. सातव्या वेळी पाणी नितळ आलं.

अगरचा पहिला घाणा फसला, मिश्रण फ्रीजमधलं तसंच घातलं आणि गोळे झाले. दुसऱ्या वेळी मिश्रण तासभर बाहेर ठेवलं, मग व्यवस्थित थिजलं. आता ताटातली पातळ वडी सुरीने कापते, टाकीत टाकल्यावर ढग येत नाही. नायट्रेट २० वर आलंय, फॉस्फेट ०.१२. साय अजून थोडी आहे. झोअँथिडचा एक गुच्छ पूर्ण उघडतो, दुसरा अर्धाच.

ब्लेनीने तीन दिवस दगडाकडे ढुंकून पाहिलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी सासूबाईंनीच हाक मारली, "अगं, तो खातोय बघ." दगडावर हिरव्या लेपात त्याच्या ओठांच्या खुणा उमटल्या होत्या. आता रोज खातो. पोट अजून सपाट आहे, पण आत गेलेलं नाही.

एकच विचारायचं राहिलं. जूनपासून ताजं मिळणार नाही, तर मेमध्ये केलेलं खाद्य ऑगस्टपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवलं तर चालेल का? पावसाळ्यात आमच्याकडे वीज तासन् तास जाते. २०१९च्या पुरात तर कित्येक दिवस नव्हती.

अजिंक्यतारा (सातारा)

ब्लेनीचं वाचून बरं वाटलं. एखाद-दोन महिने हाच क्रम ठेवा, पोट भरायला वेळ लागतो.

उणे १८ अंश सलग मिळत असतील तर तीन महिने चालेल. पिशवीतली हवा पूर्ण दाबून काढा, वड्या पातळ ठेवा आणि प्रत्येक पिशवीवर तारीख लिहा. तेल आधी खवट होतं, म्हणून गाबोळी पहिल्या महिन्यातच संपवा, माकूल आणि ढोमा शेवटी ठेवा. विजेसाठी पाण्याच्या दोन-तीन बाटल्या गोठवून त्याच कप्प्यात पिशव्यांना चिकटवून ठेवा. वाटीत एक बर्फाचा खडा ठेवून द्या. वीज आल्यावर तो वितळून वाटीच्या आकाराचा होऊन पुन्हा गोठलेला दिसला, तर त्या कप्प्यातलं काही टाकीत घालू नका.

धागाकर्ती (सांगली)

खड्याची वाटी आजच ठेवली. मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघी रत्नागिरीला जाणार आहोत, सासूबाईंना गणपतीपुळ्याचं दर्शन घ्यायचंय आणि मला जवळा. किनारपट्टी, मिरकरवाड्याला (रत्नागिरीच्या मासेमारी बंदरावर) पहाटे किती वाजता पोचावं ते तेवढं सांगा.