मेरिओंच्या प्लेटवरचं बलून: एचिंगची रेघ काढून टाकायची कशी?

टिळकवाडी_प्रिंट:
नमस्कार मंडळी. फ्रेंच चित्रकार शार्ल मेरिओंच्या 'पों-ओ-शांज' (१८५४) या पॅरिसच्या पुलाच्या एचिंगच्या (धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेघा खोदून, त्यांत शाई भरून छापलेलं चित्र) सुरुवातीच्या छापांत आकाशात 'स्पेरांझा' नावाचं मोठं बलून आहे. नंतर ते जाऊन पक्षी आले, पुढे पक्षीही जाऊन लहान बलून आले. तांब्याची प्लेट तीच! ॲसिडने खाल्लेली रेघ इतकी साफ निघते कशी? आमच्या झिंकवर खरवडलेल्या जागी काळपट डाग छापतो.

निपाणीकर:
रेघेपुरतंच खरवडलं की खळगा होतो आणि शाई पुसताना तो भरलेलाच राहतो. डाग त्याचा. स्क्रेपर (धातू खरवडायचं धारदार पातं) आडवा धरून रेघेभोवती बोटभर रुंद, हलक्या उताराने खरवडा. बर्निशरला (घासून गुळगुळीत करायची पोलादी दांडी) शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब लावून घासा. मग ६०० आणि १२०० नंबरचा वॉटर पेपर, शेवटी ब्रासो पॉलिश. स्क्रेपरचा एक ओरखडा राहिला तरी तो शाई धरतो.

रेघ खोल असेल तर मागून ठोकून वर आणतात. कॅलिपरने (दोन टोकांचं मापायचं हत्यार) जागा प्लेटच्या पाठीवर उतरवा, प्लेट पोलादी ठोकळ्यावर पालथी घाला, गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोका. ठोकळा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ग्राइंड करून घ्या. आकाशाच्या रेघा सहसा कमी वेळ ॲसिडात ठेवतात, त्या उथळ असतात. पुलाच्या कमानीखालचा काळोख असा काढून टाकणं फार कठीण.

खानापूर_ग्राफिक:
नव्या रेघेआधी खडूची पूड आणि पातळ अमोनियाने तेल काढा, नाहीतर ग्राउंड (प्लेटवरचा ॲसिड रोखणारा थर) सुटून ॲसिड नको तिथे खातं. झिंकवर रेघ खोदायला फेरिक क्लोराइड नको: तापतं, वायू सुटतो, रेघेची कड फाटते. लिटरभर पाण्यात मोरचूद आणि मीठ ७५-७५ ग्रॅम घ्या. आपल्याकडे शेती औषधांच्या दुकानात मोरचूद सहज मिळतं. रेघेतला तपकिरी गाळ पिसाने सारत राहा. निळा रंग उतरला की द्रावण संपलं. पावसाळ्याच्या गारव्यात काम सावकाश होतं, म्हणून आधी तुकड्यावर वेळ ठरवा.

मेरिओं रंगांधळेपणामुळे रंगचित्रं सोडून एचिंगकडे वळला. पॅरिसजवळच्या शारांतोंच्या मनोरुग्णालयातून परतल्यावर त्याने केलेले हे बदल लोक नुसते भ्रमाच्या खाती टाकतात, ते मला पटत नाही. आधीचं बलून इतकं साफ काढून टाकायला शाबूत हात लागतो.

टिळकवाडी_प्रिंट:
ठोकताना पुढची बाजू ओरखडत नाही का?

निपाणीकर:
मध्ये गुळगुळीत पातळ कार्ड ठेवा. ठोका जास्त बसला तर उंचवटा येतो, शाई पुसताना तो कोरडा पडतो आणि पांढरा छापतो. लाकडी ठोकळीला १२०० चा पेपर गुंडाळून तो सपाट करा.