गाभण घोडी, शेजारच्या थानावर स्ट्रँगल्स (घोड्यांचा गाठी आणणारा संसर्गजन्य रोग). लस आता द्यावी का?

पागेतली:
माझी बिजली गाभण आहे, दहावा महिना सरत आलाय, व्यायला अजून पाच आठवडे. धनुर्वात आणि इन्फ्लुएंझाचा बूस्टर याच आठवड्यात द्यायचा ठरला होता. आणि परवा शेजारच्या थानावरच्या तट्टाच्या जबड्याखाली गाठ आली, नाकातून पिवळा घट्ट शेंबूड. डॉक्टरांनी नमुना घेतलाय, पण लक्षणं स्ट्रँगल्सचीच दिसतात म्हणाले. दोघांची पाण्याची टाकी एकच होती हे आठवलं की पोटात गोळा येतो. बिजली नेहमीसारखी खातेय, तापमान 100.4 फॅरनहाइट. एक ओळखीचे म्हणतात, "स्ट्रँगल्सची लस देऊन टाक, बाकीच्याही त्यातच उरकून घे." दुसरे म्हणतात, गाभण जनावराला सुईच लावू नको. काय करू?

निवृत्त पशुवैद्य:
दोघांचंही ऐकू नका!

स्ट्रँगल्सची लस आता नकोच. जंतू शिरला असेल तर 3 ते 14 दिवसांत लक्षणं दिसतील, लसीची ताकद यायला त्याहून जास्त वेळ लागतो. शिवाय संसर्ग झालेल्या किंवा आधीच भरपूर प्रतिपिंडं असलेल्या घोड्याला ही लस दिली, तर पर्प्युरा होऊ शकतो: रक्तवाहिन्या सुजतात, पाय आणि तोंड फुगतं. गाभण घोडीवर हा जुगार कशाला?

धनुर्वात-इन्फ्लुएंझाची गोष्ट वेगळी. घोडीच्या वारेतून प्रतिपिंडं शिंगरापर्यंत पोचत नाहीत, जे मिळायचं ते चिकातून. म्हणून तर हा बूस्टर विण्याआधी 4 ते 6 आठवडे देतात. तुम्ही आठवडाभर थांबलात तरी चार आठवडे हातात उरतात. तोवर ताप आला नाही, तर तुमच्या डॉक्टरांना विचारून देऊन टाका. ताप असताना मात्र कुठलीच लस नाही.

आणि नमुना हर्पिससाठीही तपासायला सांगा. ईएचव्ही-1 (घोड्यांच्या हर्पिसचा एक विषाणू) निघाला तर शेवटच्या महिन्यांत गर्भपाताची भीती असते. त्याची लस 5व्या, 7व्या, 9व्या महिन्यात दिली होती का?

मोतद्दार:
ताई, लसीआधी थर्मामीटर. सकाळ-संध्याकाळ, रोज, वहीत लिहून. स्ट्रँगल्समध्ये ताप आधी येतो, नाकातून जंतू बाहेर पडायला त्यानंतर दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात घोडी वेगळी केली तर बाकीचे वाचतात. थर्मामीटरला दोरी बांधून कपड्याचा चिमटा लावा आणि तो शेपटीच्या केसांना अडकवा, नाहीतर एकदा तरी आत ओढला जातो किंवा पायाखाली फुटतो. माझे तीन गेले.

आमच्याकडे ही साथ आली तेव्हा माझी गाभण घोडी पाच दिवस अगदी ठणठणीत होती. सहाव्या संध्याकाळी 102.6. त्याच रात्री वेगळी बांधली. गाठ पिकली, फुटली, घोडी बरी झाली, शिंगरूही सुखरूप. पण आजाऱ्याची बादली, खरारा, लगाम सगळं वेगळं ठेवा. मी लाल पट्टी चिकटवली होती. काम करताना आजारी घोडा नेहमी शेवटी. आपलेच हात रोग नेतात, हे मला तेव्हा उमगलं. तोवर मी तोच फडका सगळ्यांच्या नाकाला फिरवत होतो.

पागेतली:
हर्पिसच्या तिन्ही लसी झाल्यात, नोंद सापडली. टाकी रिकामी करून घासून काढली, बिजलीला वेगळी बादली. पण ताप आलाच आणि बूस्टर राहिला तर शिंगराचं काय?

निवृत्त पशुवैद्य:
मग तुमचे डॉक्टर शिंगराला जन्मल्यावर धनुर्वाताचं अँटिटॉक्सिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यायचं का ते ठरवतील. तुमचं काम एकच: शिंगरू उभं राहून दोन तासांच्या आत चीक प्यायला लागलं पाहिजे. चोवीस तासांनंतर आतडं प्रतिपिंडं शोषत नाही, आणि ही क्षमता पहिल्या काही तासांतच झपाट्यानं कमी होते. दुसऱ्या दिवशी शिंगराच्या रक्तातलं आयजीजी (चिकातून मिळालेल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) तपासून घ्या, 800 मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर हवं.

पागेतली:
सकाळी 100.2, आत्ता 100.6. चिमट्याची युक्ती चालली, फक्त बिजलीला ती अजिबात आवडलेली नाही.